बार्टलेट, सर फ्रेडरिक चार्ल्स

(२० ऑक्टोबर १८८६ – ३० सप्टेंबर १९६९). ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ, केंब्रिज विद्यापीठातील प्रायोगिक मानसशास्त्राचे पहिले प्राध्यापक (१९३१). हाती उरलेल्या मोजक्या खुणांवरून माणूस भूतकाळ प्रत्येक वेळी नव्याने रचत असतो, हा स्मृतीविषयीचा विचार त्यांनी प्रयोगांच्या बळावर मांडला. साक्षीदाराची साक्ष, अफवा, वाचलेल्या मजकुराचे आकलन अशा कितीतरी विषयांच्या अभ्यासाला त्याचा आधार मिळाला.

जन्म इंग्लंडमधील स्टो-ऑन-द-वोल्ड या छोट्या गावी. आजारपणामुळे शालेय शिक्षण मोठ्या प्रमाणात घरीच झाले; लंडन विद्यापीठाची पदवी त्यांनी टपालाने शिकून मिळवली. मूळ ओढा मानवशास्त्राकडे. केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजात आले तेही तेथे मानवशास्त्रज्ञ डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स होते म्हणून. पहिल्या महायुद्धात केंब्रिजच्या मानसशास्त्रीय प्रयोगशाळेचे संस्थापक सी. एस. मायर्स फ्रान्समध्ये गेले आणि प्रकृतीमुळे सैन्यात जाऊ न शकलेल्या बार्टलेट यांच्याकडे तिचा कारभार आला. १९२२ मध्ये ते तिचे संचालक झाले.

स्मृतिसंशोधन : हेर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये घालून दिलेल्या पद्धतीत निरर्थक शब्दावयव पाठ करायचे आणि किती विसरले ते मोजायचे, असा प्रघात होता. अर्थच काढून घेतला तर रोजच्या जगण्यातील आठवण हाती कशी लागणार, हा बार्टलेट यांचा आक्षेप. त्यांनी वाचकांपुढे गोष्टी ठेवल्या. त्यांपैकी ‘भुतांचे युद्ध’ ही उत्तर अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरील आदिवासींची लोककथा मानसशास्त्रात अजरामर झाली. ती मानवशास्त्रज्ञ फ्रान्झ बोआस यांनी नोंदवली होती. सीलच्या शिकारीला गेलेल्या दोन तरुणांना होडीतून आलेले योद्धे भेटतात. एक तरुण त्यांच्याबरोबर लढाईला जातो, जखमी होतो, पण त्याला वेदना होत नाहीत. ते योद्धे भुते होती असे तो गावात सांगतो. सूर्य उगवताच तो कोसळतो, त्याच्या तोंडातून काहीतरी काळे बाहेर पडते आणि तो मरतो.

केंब्रिजच्या वाचकांनी ही कथा दोनदा वाचली, पंधरा मिनिटांनी लिहून काढली. पुढे दिवस, आठवडे, महिने उलटल्यावर पुन्हा लिहिली. एकाला तर साडेसहा वर्षांनी विचारले. कथा आखूड होत गेली हे अपेक्षितच होते. लक्षणीय होते ते बदल. सीलच्या शिकारीची मासेमारी झाली, लांबट डोंगीची साधी नाव झाली, भुते गळाली किंवा एखाद्या टोळीचे नाव बनून उरली. तोंडातून निघालेल्या काळ्या वस्तूचा कोणी फेस केला, कोणी अखेरचा श्वास. जे परके आणि विसंगत वाटले ते आपल्या जगात बसेल असे वाचकांनी वळवून घेतले, आणि आपण काही बदलले याची त्यांना बहुतेक वेळा जाणीवही नव्हती. सहेतुक खोटेपणाचा लवलेश नसताना आठवण चुकते, हे यातून ठळकपणे दिसले.

दुसऱ्या प्रकारच्या प्रयोगात एकाने लिहिलेले दुसऱ्याला, दुसऱ्याचे तिसऱ्याला अशी साखळी असे. ही कल्पना कानात कुजबुजून निरोप पुढे पोचवण्याच्या खेळावरून नॉर्बर्ट वीनर यांनी सुचवली. पुढे सायबरनेटिक्सचे जनक ठरलेले वीनर तेव्हा केंब्रिजमध्ये होते. अशाच एका साखळीत प्राचीन इजिप्तच्या लिपीतील घुबडाचे चित्र हातोहात बदलत शेवटी मांजर झाले.

हे प्रयोग बरेचसे पहिल्या महायुद्धाच्या काळातले. ग्रंथ मात्र ‘रिमेंबरिंग’ या नावाने १९३२ मध्ये आला. त्यातील सिद्धान्ताचा कणा ‘स्कीमा’ ही संकल्पना, म्हणजे पूर्वानुभवांची सतत बदलणारी जुळणी, मेंदूविकारतज्ज्ञ हेन्री हेड यांच्याकडून घेतलेली होती. ग्रंथात सांख्यिकी जवळजवळ नाही, सूचना सैल आहेत. अचूकतेवर भर देणाऱ्या सूचना दिल्या की चुका पुष्कळ घटतात, असे गॉल्ड आणि स्टीव्हन्सन यांना १९६७ मध्ये आढळले. बर्गमन आणि रोडिगर यांनी १९९९ मध्ये मात्र मूळ निष्कर्षांना दुजोरा दिला. स्कीमाची संकल्पना संदिग्ध राहिली ही टीका रास्त आहे. प्रयोगांचे मोल त्यामुळे उणावत नाही. त्याच ग्रंथातील सामाजिक स्मृतीचा भाग त्या मानाने दुर्लक्षित राहिला. स्वाझी गुराख्यांना वर्षापूर्वी विकल्या गेलेल्या गुरांचे रंग, खुणा आणि किमती जवळजवळ बिनचूक आठवत, हे निरीक्षण त्यातलेच : समूहाला ज्याची आस्था, ते स्मरणात टिकते.

भारतीय धागा : ‘ब्रिटिश जर्नल ऑफ सायकॉलॉजी’चे संपादकपद बार्टलेट यांच्याकडे १९२४ ते १९४८ होते. त्याच नियतकालिकात १९३५ मध्ये जमुना प्रसाद यांचा १९३४ च्या बिहार भूकंपानंतरच्या अफवांवरील लेख आला. गंगेचे पाणी नाहीसे झाले, आता पाटण्यावर वादळ येणार, अशा अफवा त्यांनी जमवल्या होत्या. केंब्रिजमध्ये शिकलेल्या दुर्गानंद सिन्हा यांनी दार्जिलिंगमध्ये १९५० साली दरडी कोसळल्यानंतरच्या अफवा अभ्यासून १९५२ मध्ये त्याच नियतकालिकात प्रसिद्ध केल्या. या दोन्ही लेखांची तुलना लिऑन फेस्टिंगर यांच्या बोधात्मक विसंवादाच्या सिद्धान्तात (१९५७) महत्त्वाची ठरली. भारतीय पाठ्यपुस्तके फेस्टिंगर शिकवतात. प्रसाद आणि सिन्हाही तितक्याच आवर्जून शिकवायला हवेत.

उपयोजित कार्य : दुसऱ्या महायुद्धात वैमानिकांच्या थकव्यावर संशोधन. त्यासाठी केनेथ क्रेक यांनी प्रयोगशाळेत विमानाची नकली कॉकपिट उभारली. थकलेल्या वैमानिकाच्या हालचालींचा मेळ सुटतो, कडेच्या मापकांकडे त्याचे दुर्लक्ष होते, तरी आपले काम नीट चालले आहे असे त्याला वाटते, असे दिसून आले. १९४४ मध्ये स्थापन झालेल्या उपयोजित मानसशास्त्र संशोधन केंद्राचे क्रेक पहिले संचालक. १९४५ मध्ये सायकल-अपघातात ते गेल्यावर ही जबाबदारी बार्टलेट यांनी घेतली.

अध्यापन : त्यांच्या हाताखालून क्रेक, ऑलिव्हर झँगविल, डोनाल्ड ब्रॉडबेंट, रिचर्ड ग्रेगरी अशी पिढी तयार झाली. संप्रदाय उभारण्यापेक्षा विद्यार्थ्याला त्याच्याच प्रश्नाच्या मागे जाऊ देणे, ही त्यांची रीत.

सन्मान : रॉयल सोसायटीचे सदस्यत्व (१९३२), नाइट (१९४८).

वैयक्तिक : पत्नी मेरी स्मिथ याही मानसशास्त्रज्ञ होत्या. क्रिकेटची बार्टलेट यांना मनापासून आवड होती.

निवृत्तीनंतर ‘थिंकिंग’ (१९५८) हा ग्रंथ लिहिला. त्याचा प्रभाव मर्यादित राहिला. वर्तनवादाचा जोर ओसरल्यावर अल्रिक नायसर यांच्या ‘कॉग्निटिव्ह सायकॉलॉजी’ (१९६७) या ग्रंथाने बार्टलेट यांचा रचनावादी विचार पुन्हा पुढे आणला. त्यानंतर दोनच वर्षांनी बार्टलेट यांचे केंब्रिज येथे निधन झाले.