वाटेचे आकडे आणि काळाचे आकडे

अजिंठा पाहिला नाही असा माणूस दीपनगर-भुसावळच्या पंचक्रोशीत विरळाच. तेथे गेलेला प्रत्येक जण लेणे क्रमांक १ पासून सुरुवात करतो आणि पाटीवरचे आकडे पाहत पुढे सरकतो. पहिले लेणे आधी कोरले, शेवटचे शेवटी, असे तो सहजच धरून चालतो. आम्हीही पुष्कळ वर्षे तसेच समजत होतो. आम्हा कामगारांना तशी सवयच असते. दीपनगरच्या वीज केंद्रात संच १ आधी उभा राहिला, मग २, मग ३.

अजिंठ्याचा हिशेब निराळा आहे. तेथील आकडे १९व्या शतकातील अभ्यासकांनी सोयीसाठी घातले, वाघोरा नदीच्या वळणावर लेणी ज्या ओळीने लागतात त्या ओळीने. ते वाटेचे आकडे आहेत, काळाचे नव्हेत. लेणे १ हे इसवी सनाच्या पाचव्या शतकातले. ९ आणि १० ही त्याच्या कित्येक शतके आधीची. म्हणजे प्रवासी नव्यापासून निघून मध्येच जुन्यापाशी पोहोचतो.

आणि वाट तरी जुनी कुठे आहे? आज आपण कड्याच्या मध्यावरून सलग चालतो ती वाट अर्वाचीन. पूर्वी बहुतेक लेण्यांना खाली नदीपर्यंत स्वतंत्र पायऱ्या होत्या. त्यांतील बहुतेक नष्ट झाल्या. लेणे १६ च्या पायथ्याशी दारावर कोरलेले दोन हत्ती आजही आहेत. नदीकडून येणाऱ्याला लेण्याचे दार दाखवणारी ती त्या काळची पाटीच म्हणावयाची.

२८ एप्रिल १८१९ रोजी जॉन स्मिथ हा इंग्रज अधिकारी शिकारीच्या निमित्ताने या दरीत आला. लेण्यांचा शोध त्याच्या नावे सांगतात. आसपासच्या लोकांना ती ठाऊक होतीच. लेणे १० च्या खांबावर, जुन्या चित्रावरच, त्याने आपले नाव व तारीख कोरली. ढिगाऱ्यावर उभे राहून कोरल्यामुळे ती अक्षरे आज डोक्याच्या वर आहेत. ती खूण मागून येणाऱ्याला वाट दाखवीत नाही. फक्त स्मिथ येथे आला होता एवढेच सांगते.

याच्या उलट १९५६ सालची गोष्ट. लेणे १६ कडे जाणारी पायवाट दरड कोसळून बुजली. ती मोकळी करताना, नदीपात्राजवळच्या ढिगाऱ्यात, मजुरांना एक लहानसे भोक आणि छोटा स्तूप दिसला. पुढे उकरले तेव्हा इसवी सनापूर्वीचा एक विहार निघाला. तो अजिंठ्यातील सर्वांत जुनाही असू शकेल, असे मानले जाते. त्याला क्रमांक मिळाला ३०. कदाचित सर्वांत आधीचा, आणि आकड्यात सर्वांत शेवटी!

स्मिथचे नाव खांबावर राहिले. मजुरांनी मागच्यांसाठी वाट मोकळी केली आणि त्या कामातच इतिहास सापडला. पुढच्या खेपेस मुलांना घेऊन जाल तेव्हा पाटीवरचा आकडा पायांसाठी वाचा. काळ मात्र विचारून घ्या.