डबक्यातला पुराणपुरुष

पावसाळ्यात कधी पाचगणीच्या टेबललँडवर गेलात, तर जांभ्या दगडाच्या खळग्यांत साचलेले वीतभर पाणी जरा निरखून पाहा. त्यात हिरव्या पात्यांचे झुबके उभे दिसतील. लांबून वाटावे, कुणी कांद्याची कोवळी पात लावून ठेवली आहे. येणारेजाणारे ते गवत समजून पुढे जातात. पण ते गवत नव्हे, आणि कांदाही नव्हे. त्याला फूल येत नाही, बी धरत नाही. शास्त्रज्ञ त्याला ‘आयसोएटिस’ म्हणतात. ज्या सह्याद्रीवर ते उगवते, त्याचा काळा पत्थर सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसातून घडला. या वनस्पतीचे घराणे मात्र त्याच्या पाचपट जुने आहे!

वाचकहो, कुणाही घराण्याची वंशावळ सांगायची तर पुरावा हवा. तो पाहण्यासाठी आपल्याला थेट स्कॉटलंडला जावे लागेल. तिथल्या ग्लासगो शहरात, व्हिक्टोरिया पार्क या बागेत, १८८७ साली खोदकाम चालू असता दगड झालेले अकरा बुंधे जागच्या जागी उभे सापडले. हे ‘लेपिडोडेंड्रॉन’ जातीच्या वृक्षांचे अवशेष. या नावाचा अर्थ खवल्यांचा वृक्ष. पाने गळाल्यावर खोडावर शंकरपाळ्याच्या आकाराच्या खुणा उरत, म्हणून हे नाव पडले. सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वी युरोप-अमेरिकेच्या दलदलीत अशा वृक्षांची अरण्ये माजली होती. उंची तीस मीटर, म्हणजे चांगली शंभर फूट आणि कधी त्याहूनही अधिक. ती झाडे चिखलात पडली, गाडली गेली, आणि त्यांचाच पुढे कोळसा झाला. इंग्लंडची वाफेची यंत्रे ज्या कोळशावर धावली, त्यात या झाडांचा मोठा वाटा होता. आपल्या चंद्रपूरकडचा कोळसा मात्र निराळा. तो त्यानंतरच्या काळातला आणि मुख्यतः ‘ग्लॉसॉप्टेरिस’ नावाच्या दुसऱ्याच झाडांचा आहे.

आता तुम्ही विचाराल, कुठे तो शंभर फुटी वृक्ष आणि कुठे हे वीतभर पाते! यांचे नाते जुळवायचे कसे? तर मुळांवरून. लेपिडोडेंड्रॉनची दगड झालेली मुळे आडवी कापून पाहिली, तेव्हा ती आतून पोकळ निघाली, आणि पाणी वाहणारी एकच शीर त्या पोकळीत मधोमध नसून एका कडेला असलेली दिसली. आयसोएटिसचे मूळ कापून भिंगाखाली धरा. नेमकी तीच रचना दिसते. माणसाचे नाक जसे आजोबांवर जाते, तसाच हा प्रकार.

पुढे हवामान कोरडे होत गेले, दलदली आटल्या, आणि थोर वृक्षांचे दिवस भरले. सुमारे २५ कोटी २० लाख वर्षांपूर्वी पृथ्वीवर मोठा जीवसंहार झाला. त्यातून सावरताना या कुळातली ‘प्लूरोमिया’ नावाची वनस्पती पुष्कळ ठिकाणी पसरली. तिचे खोड जेमतेम पुरुषभर उंच आणि बिनफांद्यांचे. आयसोएटिसमध्ये तेही खोड आखडून जमिनीतल्या गड्ड्यापुरते उरले. पाऊस सरला, डबके आटले, की पाने वाळून जातात. गड्डा मातीत दडून पुढच्या आषाढाची वाट पाहतो.

डबक्यातला संसारही सोपा नसतो. दिवसा पाण्यातल्या सगळ्याच वनस्पती कार्बन डायऑक्साइड वायू ओढून घेतात, त्यामुळे दुपारपर्यंत त्याची टंचाई होते. तेव्हा आयसोएटिस रात्री, इतर निजलेले असताना, तो वायू घेऊन आम्लाच्या रूपात साठवते आणि दिवसा उन्हात वापरते. अमेरिकेतील कीली या शास्त्रज्ञाने ही गोष्ट १९८१ साली उजेडात आणली. आपल्या बांधावरचा घायपातही हीच युक्ती करतो. पण तो करतो पाणी वाचवायला, आणि हे करते पाण्यात राहून!

म्हणून या वनस्पतीला निव्वळ जुने अवशेष समजू नका. हे घराणे आजही बदलते आहे. जगात तिच्या दोनशेंहून अधिक जाती आहेत. काहींच्या पेशीत २२ गुणसूत्रे, काहींत ४४, तर थंड देशांतल्या सरोवरांत राहणाऱ्या एका जातीत ११०. पाती सगळ्यांची सारखीच दिसतात. जात ओळखायची ती पात्याच्या बुंध्याशी असलेल्या बीजाणूंवरच्या नक्षीवरून. आपल्याकडे प्रा. त्र्यं. शं. महाबळे यांनी १९३८ साली एका नव्या जातीला सह्याद्रीचे नाव दिले, आणि १९४५ साली पाचगणीच्या जातीचे वर्णन प्रसिद्ध झाले. पाचगणीचेच नाव लावणारी आणखी एक जात पुढे नोंदली गेली.

यांतल्या काही जातींचे सारे जग म्हणजे पठारावरची मोजकी डबकी. महाबळेश्वर-पाचगणीचा परिसर २००१ साली केंद्र सरकारने पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर केला, हे चांगलेच झाले. पण सरकारी कागद काही डबक्यावर पहारा देत नाही. गाडीचे चाक फिरले, चिरा काढायला खडक फोडला, भराव पडला, की खळगा बुजतो. कोट्यवधी वर्षांची संकटे निभावलेल्या वनस्पतीला एक ट्रकभर मुरूम पुरतो!

शिक्षकबंधूंनो, श्रावणात मुलांना जवळच्या सड्यावर किंवा पठारावर जरूर न्या. झुबका उपटू देऊ नका. एखादेच पाते बुडापासून अलगद काढा आणि त्याच्या पांढऱ्या बुंध्यात दडलेले, खडूच्या चुऱ्यासारखे बीजाणू भिंगातून दाखवा. आणि शेतकरी बंधूंनो, तुमच्या माळावर असा पाणथळ खळगा असेल, तर ‘पडीक डबके’ म्हणून तो बुजवू नका. तिथे कोण राहते, हे आता तुम्हांला ठाऊक आहे.