मुका सर्व्हर

मंडळी, इतिहास काही फक्त गडकिल्ल्यांचाच नसतो. नोव्हेंबर २०१३ मध्ये अ‍ॅमेझॉनने ग्राफिक्स कार्ड असलेले ‘जी२’ संगणक तासाच्या भाड्याने द्यायला सुरुवात केली. मे २०१४ मध्ये स्टीमची नवी सोय सर्वांना खुली झाली: घरातल्या एका संगणकावरचा खेळ दुसऱ्यावर खेळायचा. हौशी लोकांनी दोन्हींची सांगड घातली. दूरचा भाड्याचा संगणक व्हीपीएनने जोडला आणि स्टीमला तो घरातलाच वाटला!

पण खेळ निघाला मुका. त्या संगणकावर होतं विंडोज सर्व्हर. त्याच्यासमोर कोणी बसणारच नाही, या हिशेबाने घडवलेलं. म्हणून ऑडिओ सर्व्हिस बंद, साउंड कार्ड नाही, मॉनिटरही नाही. रिमोट डेस्कटॉप बंद केला की पडद्याला कुलूप! मग ती सर्व्हिस सुरू करा, आभासी साउंड कार्ड बसवा, व्हीएनसीने आत शिरा, असे उपाय निघाले. अंतरामुळे होणारा उशीर मात्र कुठल्याच उपायाने पुरता गेला नाही.

मला यात बिघाड दिसत नाही. यंत्र आपल्या घडणीला धरूनच वागत होतं. वर्गात गप्प बसणाऱ्या मुलाला मठ्ठ म्हणण्याआधी त्याची घडण विचारावी, तसंच हे.