सोड्याचा धूर आणि १८६३ चा कायदा

उद्योग हवेत की स्वच्छ हवा, असा वाद निघाला की आम्हांस इंग्लंडमधील सोड्याच्या कारखान्यांचे स्मरण होते. साबण, काच आणि कापड या तिन्ही धंद्यांना सोडा लागे. लब्लाँ पद्धतीने तो करताना मीठ गंधकाम्लात तापवीत आणि त्यातून निघणारा हायड्रोक्लोरिक आम्लाचा वायू धुराड्यांतून आकाशात सोडून देत. सेंट हेलेन्स, विडनेस परिसरातील झाडे वाळली, पिके करपली.

उपाय नव्हता असे नाही. १८३६ मध्येच विल्यम गॉसेज यांनी काटक्यांनी भरलेल्या मनोऱ्यातून पाणी झिरपवून हा वायू विरघळवून दाखविला होता. तरी पुढे २७ वर्षे कित्येक धुराडी ओकतच राहिली. मनोऱ्याला खर्च होता. देवाची हवा मात्र फुकट!

१८६३ च्या कायद्याने शेकडा ९५ भाग वायू अडविणे सक्तीचे केले. रॉबर्ट अँगस स्मिथ पहिले मुख्य निरीक्षक झाले. कारखाने बुडाले नाहीत. उलट, अडविलेल्या आम्लापासून कपडे शुभ्र करण्याची ब्लीचिंग पावडर बनवून मालकांनी पैसा केला. सगळे आम्ल मात्र खपत नसे. उरलेले ओढ्यांत ओतले जाई. नदीप्रदूषणाचा कायदा व्हावयास १८७६ साल उजाडले.