जलजीवालय, गोड्या पाण्याचे : परिपक्वन व दगडांची निवड

गोड्या पाण्याच्या नव्या टाकीत माशांच्या उत्सर्गातून निर्माण होणाऱ्या विषारी द्रव्यांचे निराकरण करणारे सूक्ष्मजंतू स्थिरावण्याच्या क्रियेस टाकीचे परिपक्वन म्हणता येईल. मासे पाळणाऱ्या हौशी लोकांत तिला ‘सायकलिंग’ म्हणतात. हे सूक्ष्मजंतू मुख्यतः पाण्यात तरंगत नसून वाळू, दगड, काच व गाळणी यांच्या पृष्ठभागांवर पातळ थराच्या रूपाने राहतात. त्यामुळे टाकीतील दगड हे केवळ शोभेचे साधन नसून त्यांची निवड व टाकीचे परिपक्वन यांचा निकटचा संबंध आहे.

इतिहास : समतोल जलजीवालयाची कल्पना लंडन येथील रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन (१८०७–६७) यांनी १८५० साली केमिकल सोसायटीपुढे मांडली. सुमारे १२ गॅलनांच्या काचपात्रात त्यांनी वाळू, चिखल व दगड घालून दोन लहान सोनेरी मासे आणि व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती ठेवली. कुजलेल्या पानांमुळे पाणी गढूळ होऊ लागले, तेव्हा त्यांनी त्यात पाणगोगलगाई सोडल्या व पाणी निवळले. मासे कार्बन डाय-ऑक्साइड सोडतात व वनस्पती ऑक्सिजन देतात, या देवघेवीमुळे पाणी शुद्ध राहते, असे त्यांनी प्रतिपादन केले. १८५३ साली लंडनच्या रीजंट्स पार्कमधील प्राणिसंग्रहालयात सार्वजनिक जलजीवालय सुरू झाले. १८५४ साली फिलिप हेन्री गॉस यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि हा छंद इंग्लंडमध्ये झपाट्याने पसरला.

वॉरिंग्टन यांच्या उपपत्तीत नायट्रोजनाचा हिशेब मात्र नव्हता. मासे मुख्यतः क्लोमांवाटे (कल्ल्यांवाटे) अमोनिया बाहेर टाकतात; उरलेले अन्न व मृत पाने कुजूनही अमोनिया तयार होतो. त्याचे पुढे काय होते, याचे उत्तर जलजीवालयात नव्हे, तर शेतजमिनीच्या अभ्यासातून मिळाले. १८७७ साली फ्रान्समध्ये श्लेझिंग व म्यून्ट्स यांनी नायट्रीकरण ही सजीवांकडून घडणारी क्रिया असल्याचे दाखविले. त्यानंतर इंग्लंडमधील रॉथॅमस्टेड येथील संशोधन केंद्रात हा विषय ज्यांनी पुढे नेला, ते रसायनशास्त्रज्ञ समतोल जलजीवालयाच्या जनकाचे पुत्र होते. त्यांचेही नाव रॉबर्ट वॉरिंग्टन (१८३८–१९०७) असेच होते. अमोनियापासून नायट्राइट व नायट्राइटापासून नायट्रेट असे या क्रियेचे दोन टप्पे असून ते भिन्न सूक्ष्मजंतूंकडून पार पडतात, असे त्यांच्या प्रयोगांतून दिसून आले. १८९० च्या सुमारास सर्गेई व्हिनोग्राड्स्की यांनी नायट्रीकारक सूक्ष्मजंतू वेगळे करण्यात यश मिळविले.

पित्याच्या पात्रातील व पुत्राच्या मातीतील क्रिया एकच होती; परंतु मासे पाळणाऱ्यांपर्यंत हे ज्ञान पोचण्यास दीर्घकाळ लागला. वनस्पती लावल्या की टाकी सिद्ध झाली, या समजुतीने नव्या टाकीत एकदम पुष्कळ मासे सोडले जात व काही दिवसांतच ते मरत. न्यूयॉर्कच्या जलजीवालयातील जेम्स ॲट्झ यांनी १९४९ साली समतोलाची ही कल्पना भ्रामक असल्याचे प्रतिपादन केले. १९७० साली प्रसिद्ध झालेल्या स्टीफन स्पॉट यांच्या ग्रंथात बंदिस्त पाण्याच्या व्यवस्थापनात जैव गाळणीला महत्त्वाचे स्थान देण्यात आले. गोड्या पाण्याच्या टाक्यांत नायट्राइटाचे ऑक्सिडीकरण मुख्यतः नायट्रोबॅक्टर नव्हे, तर नायट्रोस्पायरा हे सूक्ष्मजंतू करतात, असे १९९० नंतरच्या दशकातील संशोधनात आढळले. २०१५ साली नायट्रोस्पायराचे काही प्रकार दोन्ही टप्पे एकट्याने पार पाडतात, हेही सिद्ध झाले.

परिपक्वनाची रीत : टाकीत प्रथम वाळू, दगड व गाळणी मांडून क्लोरीनरहित पाणी भरतात. नळाच्या पाण्यातील क्लोरीन सूक्ष्मजंतूंना घातक असल्याने ते काढून टाकणे आवश्यक असते. नंतर अमोनियाचा अल्प पुरवठा करतात किंवा थोडे मत्स्यखाद्य कुजू देतात. जुन्या निरोगी टाकीतील मूठभर वाळू वा गाळणीचा स्पंज घातल्यास विरजण लावल्याप्रमाणे क्रिया लवकर सुरू होते. आधी अमोनिया वाढून उतरतो, त्यामागोमाग नायट्राइट वाढून उतरते व शेवटी नायट्रेट साठू लागते. यास सामान्यतः चार ते सहा आठवडे लागतात. नायट्रेट तुलनेने कमी विषारी असून ते वनस्पती शोषून घेतात व ठराविक काळाने पाणी अंशतः बदलून कमी करता येते.

दगडांची निवड : ग्रॅनाइट, क्वॉर्ट्झाइट व बेसाल्ट यांचा पाण्यावर सहसा परिणाम होत नाही. चुनखडक, संगमरवर व प्रवाळ यांतील कॅल्शियम कार्बोनेट विरघळून पाण्याची कठिनता व पीएच मूल्य वाढते. याचा अमोनियाच्या विषारीपणाशी प्रत्यक्ष संबंध आहे. २५° से. तापमानास पीएच मूल्य ७ असताना एकूण अमोनियापैकी सुमारे ०·६ टक्का भागच अधिक विषारी अशा मुक्त रूपात असतो. पीएच ८ असताना तो सुमारे ५ टक्के होतो. म्हणून नव्या टाकीत असे दगड धोक्याचे ठरू शकतात. याउलट नायट्रीकरणात अम्ल निर्माण होऊन पाण्यातील कार्बोनेटे खर्ची पडतात. त्यामुळे अतिशय मृदू पाण्यात ती क्रिया मंदावू शकते. तेथे चुनखडकाचा लहान तुकडा उपकारक ठरतो. आफ्रिकेतील टांगानिका व मालावी सरोवरांतील माशांना कठीण वा अल्कधर्मी पाणीच मानवते.

महाराष्ट्राच्या बहुतेक भागांत मिळणारा काळा बेसाल्ट या कामी उत्तम असतो. मात्र त्याच्या पोकळ्यांत कॅल्साइट भरलेले असू शकते. दगडावर विरल हायड्रोक्लोरिक अम्लाचा थेंब टाकल्यावर बुडबुडे आल्यास त्यात कार्बोनेट आहे असे समजावे व परीक्षेनंतर दगड भरपूर पाण्याने धुवावा. मऊ जांभ्याची तांबडी माती सुटते, म्हणून तो टाळतात. धातूसारखी चकाकी किंवा गंजाचे पट्टे असलेले दगडही वापरीत नाहीत. दगड साबणाशिवाय घासून धुतात. ते उकळू नयेत, कारण आत अडकलेल्या पाण्याची वाफ होऊन दगड फुटण्याचा संभव असतो. मासे वाळू उकरतात, म्हणून जड दगड वाळूवर न ठेवता थेट तळावर पक्के बसवितात. टाकी परिपक्व झाल्यावर दगडांवरील बुळबुळीत थर खरवडून काढू नये. नायट्रीकारक सूक्ष्मजंतूंची वस्ती त्यातच असते. टाकीत घातलेल्या अमोनियाचे एका दिवसात नायट्रेट होऊन अमोनिया व नायट्राइट ही दोन्ही परीक्षणात शून्य आढळू लागल्यावरच मासे सोडतात व तेही थोडेथोडे, म्हणजे वाढत्या भाराबरोबर सूक्ष्मजंतूंनाही वाढण्यास अवधी मिळतो.