समोर नऊच गडी आले तेव्हा

मागच्या आठवड्यात एका नातवाने फोनवर विचारलं, "आजोबा, समोरची टीम पूर्ण आलीच नाही तर आपण जिंकलो ना?" प्रश्न साधा होता, पण मला सरळ आमच्या निर्ण्याच्या माळावर घेऊन गेला. म्हणून हे लिहायला बसलो.

आमचं निर्णा बीदर जिल्ह्यातलं, कलबुर्गीच्या शिवेजवळचं. 1948 पर्यंत आम्ही निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतो, 1956 पासून म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात. घरात मराठी, शाळेत-कचेरीत कन्नड, बाजारात दखनी. क्रिकेटच्या मैदानावर तिन्ही. बॅटिंग मिळाली नाही म्हणून भांडण मराठीत सुरू व्हायचं आणि कन्नडमध्ये मिटायचं.

गोष्ट 1980 च्या दशकातली. 83 चा वर्ल्डकप जिंकल्यावर गावोगावी टीम उभ्या राहिल्या होत्या. वर्गणी काढून बॉल आणायचा आणि शेजारच्या गावाला चिठ्ठी पाठवायची, "रविवारी मॅच आहे, या." त्या रविवारी कलबुर्गीकडच्या एका गावची टीम आली ती नऊच जणांची. तुरीची रास चालू होती, दोघांना घरातून सोडलं नव्हतं. आमच्यातले दोन-चार जण लगेच म्हणाले, "वॉकओव्हर घ्या, बॉल आपला, विषय संपला."

आमचे थोरले काका कॅप्टन. ते म्हणाले, "सकाळपासून पिच झाडून काढलंय ते वॉकओव्हरसाठी?" आणि आमच्यातली दोन पोरं त्यांनी तिकडे दिली. त्यातला एक मी. फिल्डिंग करायची, बॅटिंग-बोलिंग नाही, असं ठरलं. म्हणजे त्यांची आठवी विकेट पडली की डाव संपणार.

पुढे कधीतरी क्रिकेटचे कायदे वाचायला मिळाले, तेव्हा काकांचं नवल वाटलं. पहिलाच कायदा म्हणतो की संघ 11 जणांचा, पण दोन्ही बाजूंच्या संमतीने कमी किंवा जास्त गडी घेऊनही सामना होऊ शकतो; मैदानात मात्र एका वेळी 11 पेक्षा जास्त क्षेत्ररक्षक नकोत. नावं दिल्यावर खेळाडू बदलायचा तर विरुद्ध कर्णधाराची संमती लागते. बदली आलेला फिल्डिंग करू शकतो, बॅटिंग-बोलिंग नाही. अडलेल्या संघाचं काय करायचं हे कायद्याने बरंचसं समोरच्या कॅप्टनच्या हातात ठेवलंय. गल्लीतल्या पोरांनी तर हा प्रश्न कधीच सोडवला होता: एक गडी जास्त झाला की तो "कॉमन", दोन्हीकडून खेळणार.

मोठ्या मैदानावरही असं घडलंय. 20 जानेवारी 1987, मुंबईचं ब्रेबॉर्न स्टेडियम, क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या सुवर्णमहोत्सवाचा भारत-पाकिस्तान प्रदर्शनी सामना. पाकिस्तानचे दोन खेळाडू मैदानाबाहेर गेले, तेव्हा इमरान खानच्या संघाकडून फिल्डिंगला उतरला 13 वर्षांचा मुंबईकर सचिन तेंडुलकर. समोर बॅटिंग भारताची! भारताकडून तो खेळला त्यानंतर, नोव्हेंबर 1989 मध्ये, तेही कराचीत पाकिस्तानविरुद्ध.

याच्या अगदी उलट गोष्ट पुण्यातली. डिसेंबर 1948, रणजी सामना, महाराष्ट्र विरुद्ध काठियावाड. कोल्हापूरचे भाऊसाहेब निंबाळकर 443 वर नाबाद. ब्रॅडमन यांचा 452 चा तेव्हाचा जागतिक विक्रम मोडायला फक्त 10 धावा हव्या होत्या. विश्रांतीच्या वेळी काठियावाडच्या कर्णधाराने सांगितलं, डाव घोषित करा, नाहीतर आम्ही निघतो. आणि ते खरंच निघाले. महाराष्ट्र 4 बाद 826 वर थांबला, सामना त्यांनाच मिळाला, पण भाऊसाहेबांच्या त्या 10 धावा कायमच्या राहिल्या. पुढे त्यांना एकही कसोटी खेळायला मिळाली नाही. समोर खेळणारं कोणी नसेल तर आपल्या हातातल्या बॅटचा तरी काय उपयोग?

बरं, मोठेपणा दाखवला की फळ मिळतंच असंही नाही. आपल्या कर्नाटकचे गुंडप्पा विश्वनाथ फेब्रुवारी 1980 मध्ये मुंबईच्या सुवर्णमहोत्सवी कसोटीत कर्णधार होते. इंग्लंडचे 5 गडी गेलेले, पंचांनी बॉब टेलरला झेलबाद दिलं. बॅट लागली नाही अशी खात्री झाल्यावर विश्वनाथ यांनी त्याला परत बोलावलं. टेलर आणि बोथम यांनी 171 धावा जोडल्या आणि इंग्लंड 10 विकेटने जिंकलं. सामना गेला, पण आज 40 वर्षांनंतरही लोक विश्वनाथ यांचंच नाव काढतात.

आता आमच्या मॅचचं सांगतो. त्यांचा डाव आधी झाला. आमच्या डावात शेवटी थोड्याच धावा हव्या होत्या आणि काका खेळत होते. त्यांनी उचलून मारलेला बॉल सरळ माझ्याकडे आला. बाभळीखाली बसलेलं आमचं अख्खं गाव ओरडत होतं, "सोड, सोड!" मी डोळे मिटल्यासारखा उभा राहिलो आणि बॉल हातात बसला. काका आउट. दोन ओव्हरमध्ये आम्ही हरलो.

एक वडीलधारे म्हणाले, "घरचा भेदी निघाला की!" मला रडूच आलं. संध्याकाळी दोन्ही टीम आमच्या अंगणात भाकरी आणि शेंगांची चटणी खायला बसल्या, तरी माझा घास उतरेना. काकांनी मला शेजारी ओढून बसवलं आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "झेल सुटला असता तर काही बोललो नसतो. सोडला असतास तर घरात घेतला नसता."

पुढच्या वर्षी आम्ही त्यांच्या गावी गेलो. दोघांना ताप होता, ऐनवेळी कोणी मिळेना, पोचलो ते नऊच. कॅप्टन म्हणून काका बोलायला पुढे होणार, तोवर त्यांची दोन पोरं आमच्या बाजूला येऊन उभी राहिली होती. कोणी काही मागितलं नव्हतं.

नातवाला मी एवढंच सांगितलं, "बाळा, समोरचे पूर्ण आले नाहीत तर जिंकायचं नंतर बघू. आधी आपल्यातले दोन द्यायचे." तुमच्या गावाकडे असे उसने गडी कोण द्यायचं? आठवत असेल तर जरूर लिहा.