प्रशस्तिपत्र आणि आख्यायिका : रामा राघोबा राणे यांची राजौरीची वाट

वीरचरित्राला एक क्षण हवा असतो. शिळेवर कोरलेला वीर असो, पोवाड्यातला असो वा शालेय पाठ्यपुस्तकातला असो, त्याचे सारे आयुष्य त्या एका क्षणात येऊन मिळते आणि बाकीचा काळ केवळ प्रस्तावना वा उपसंहार म्हणून उरतो. मेजर रामा राघोबा राणे यांच्या परमवीरचक्राची कथा ह्या साच्यात सहजासहजी बसत नाही. ती बसविण्याचा प्रयत्न मात्र पुष्कळ झाला आहे. आणि मूळ कागद व प्रचलित कथा ह्यांतील अंतर पाहिले असता शौर्यविषयक आपल्या कल्पनांवरच काही प्रकाश पडतो.

राणे यांचा जन्म २६ जून १९१८ चा. गाव कारवारजवळील चेंडिये. वडील पोलीस खात्यात शिपाई. कारवार तेव्हा मुंबई इलाख्यात होते. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत ते म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, गेले. त्यामुळे राणे यांच्यावर दोन राज्यांनी हक्क सांगावा हे स्वाभाविकच होय. घरात कोकणी आणि व्यवहारात मराठी-कन्नड अशा त्या परिसरातील मनुष्याला अशा वादाचे फारसे अप्रूप नसते. १० जुलै १९४० रोजी ते मुंबई इंजिनिअर्समध्ये दाखल झाले. खडकीशी निगडित असलेल्या ह्या दलाला जुन्या मराठीत ‘सफरमैना’ म्हणत. ‘सॅपर्स अँड मायनर्स’ ह्या इंग्रजी नावाचे हे देशी रूप. त्यात प्रवासही आला आणि मैनाही आली. सुरुंग तेवढा नाहीसा झाला. दुसऱ्या महायुद्धात राणे २६ व्या पायदळ डिव्हिजनबरोबर ब्रह्मदेशात, आराकानच्या आघाडीवर लढले व हवालदार झाले. १५ डिसेंबर १९४७ रोजी त्यांना सेकंड लेफ्टनंटचे कमिशन मिळाले. त्यानंतर चार महिनेही उलटले नव्हते तोच राजौरीचा प्रसंग उभा राहिला.

राजौरी नोव्हेंबर १९४७ मध्ये आक्रमकांच्या हाती पडली होती आणि तेथे नागरिकांची मोठ्या प्रमाणावर हत्या झाली होती. मार्च १९४८ मध्ये झांगड परत घेतल्यावर भारतीय सैन्याने नौशहराहून राजौरीकडे कूच करण्याचे ठरविले. रस्ता डोंगराळ, त्यावर जागोजाग सुरुंग, तोडून आडवे टाकलेले चीडवृक्ष व उडवून दिलेल्या मोऱ्या. रणगाडे सोबत असले तरी वाट मोकळी झाल्यावाचून ते पुढे सरकू शकत नव्हते. मोहिमेची गती अशा रीतीने सुरुंग काढणाऱ्या एका लहानशा तुकडीच्या हातांवर अवलंबून राहिली. तिचे प्रमुख राणे होते.

त्यांचे प्रशस्तिपत्र वाचताना प्रथम लक्षात येते ते त्यातील घड्याळ. ८ एप्रिल, सकाळी ११ : २६ व्या मैलाच्या परिसरात तुकडी रणगाड्यांजवळ काम सुरू करण्याच्या बेतात असताना उखळी तोफांचा मारा झाला, २ जण ठार, राणे यांच्यासह ५ जखमी. (ठार झालेल्यांची नावे प्रशस्तिपत्रात नाहीत. अशा कागदाला एकच कर्ता चालतो.) दुपारी साडेचारच्या सुमारास बारवाली टेकडी हाती आल्यावर शत्रूच्या डोळ्यांदेखत रणगाड्यांसाठी वळणाची वाट तयार करण्याचे काम रात्री १० पर्यंत. ९ एप्रिल : सकाळी ६ ते दुपारी ३ तेच काम. मग राणे सर्वांत पुढच्या कॅरियरमध्ये बसले. अर्धा मैल गेल्यावर चीडवृक्षांचा अडथळा. ते उतरले आणि वृक्ष सुरुंगाने उडविले. ३०० यार्डांवर पुन्हा तेच. पुढे मोडलेली मोरी. सायंकाळी सव्वासहाला ५ मोठ्या वृक्षांचा, सुरुंगांनी वेढलेला व मशीनगनच्या माऱ्याखालचा अडथळा आला. राणे सुरुंग काढू लागले होते; परंतु अंधार पडत असल्याने स्तंभाच्या सेनाधिकाऱ्याने मुक्काम केला. १० एप्रिल : पहाटे पावणेपाचला त्याच अडथळ्यावर पुन्हा काम, साडेसहाला तो दूर. पुढचे हजार यार्ड साडेदहापर्यंत. रणगाडे तवी नदीच्या पात्रात उतरून दुपारी २ वाजता चिंगसला पोचले. राणे मात्र मागून येणाऱ्या रसदीच्या गाड्यांसाठी रस्त्यावरच राहिले, अन्न व विश्रांती न घेता, रात्री ९ पर्यंत. ११ एप्रिल : सकाळी ६ पासून, ११ वाजता चिंगसपर्यंतचा रस्ता खुला, पुढचा रस्ता साफ करण्याचे काम रात्री १० पर्यंत.

ह्या नोंदींतील तासांची बेरीज, पहिल्या दिवशीचा दुपारी साडेचारपूर्वीचा काळ सोडूनही, सुमारे ५० भरते. त्यात ‘अतिमानुष’ ह्या अर्थाची विशेषणे आहेत, पण ती लष्करी प्रशस्तीची ठरीव भाषा आहे. मजकुराचा भार त्यांच्यावर नाही. भार क्रियापदांवर आहे, आणि ती क्रियापदे पुनःपुन्हा येणारी आहेत : उतरले, काढले, उडविले, पुन्हा सुरू केले. वाक्यरचनेच्या दृष्टीने हे कामाच्या रोजवहीचे गद्य आहे.

लोकप्रिय कथनाला हे पुरत नाही. त्यात राणे रणगाड्याखाली सरपटत सुरुंग काढतात आणि चालकाला बांधलेल्या दोरांनी इशारे देतात. प्रशस्तिपत्रात दोर नाही, सरपटणेही नाही. एवढ्यावरून ती घटना घडलीच नाही असे म्हणणे घाईचे ठरेल. प्रशस्तिपत्र म्हणजे संपूर्ण वृत्तान्त नव्हे, आणि लष्करातील मौखिक परंपरेत सत्य टिकून राहू शकते. परंतु कथेने नेमके काय निवडले हे पाहण्यासारखे आहे. तिने चार दिवस टाकून एक चित्र घेतले. ८ एप्रिलच्या सकाळी जखमी झालेला अधिकारी १० तारखेच्या पहाटे त्याच अडथळ्याशी परत आला, ही गोष्ट चित्रात मावत नाही. रात्रभर त्याला ठाऊक होते की उद्या काय करावयाचे आहे. क्षणाच्या आवेगात मनुष्य पुष्कळ काही करून जातो. येथे मध्ये एक रात्र आहे. रणगाडे पुढे गेल्यावर रसदीच्या गाड्यांसाठी मागे राहण्याची गोष्ट तर कथेत बहुधा येतच नाही, कारण तिथे प्रेक्षणीय असे काही नाही. सैन्य राजौरीत टिकावयाचे तर त्या गाड्यांची गरज रणगाड्यांइतकीच होती.

१२ एप्रिलला राजौरी परत मिळाली. परमवीरचक्र २६ जानेवारी १९५० रोजी स्थापन झाले व १५ ऑगस्ट १९४७ पासून लागू करण्यात आले. १९४७-४८ च्या युद्धातील त्याच्या ५ मानकऱ्यांपैकी हयात दोघेच, राणे व करमसिंग. राणे १९६८ मध्ये मेजर म्हणून निवृत्त झाले, पुनर्नियुक्तीवर १९७१ पर्यंत काम करीत राहिले आणि ११ जुलै १९९४ रोजी पुण्यास निधन पावले. त्यांच्या नावाचे तेलवाहू जहाज निघाले, कारवारच्या समुद्रकिनाऱ्यावर पुतळा उभा राहिला, २०२३ मध्ये अंदमानातील एका बेटाला त्यांचे नाव मिळाले. वाट काढणाऱ्याच्या नावाने जहाज, किनारा आणि बेट झाले. नौशहरा-राजौरी रस्त्यावरचा २६ वा मैल मात्र आजही त्यांच्या प्रशस्तिपत्रातच शोधावा लागतो.